डोक्यात काही राहीना झालंय : ताणाचं रसायन आणि आपल्याकडची माणसं

तेरणाकाठ | रविवार, रात्री 9:40

"सर, डोक्यात काही राहीना झालंय." मोंढ्यात आडत्यापाशी बसलेला माणूस हे म्हणतो, बँकेत फॉर्म भरणारी बाई म्हणते आणि पहिल्या बाकावरचा हुशार पोरगाही म्हणतो. ऐकणारा निदान करून मोकळा: वय झालं, मोबाईल फार बघतो, मन कच्चं आहे. या तिन्ही निदानांचा मला कंटाळा आलाय, म्हणून हा धागा.

मी डॉक्टर नाही. अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. दरवर्षी मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी फळ्यावर काढायच्या, 'कॉर्टिसॉल : ताणाचं संप्रेरक' एवढं लिहायचं आणि पुढच्या प्रकरणाला लागायचं, अशी आमची रीत. परीक्षेला तेवढंच पुरतं. पण खरी गंमत त्या ओळीच्या पुढं आहे.

गावाकडचा एक शेतकरी माझ्या ओळखीचा. बँकेची नोटीस कोणत्या वारी आली, आणणारा कसल्या गाडीवर आला, तेव्हा दारात कोण कोण उभं होतं, सगळं त्याला तंतोतंत आठवतं. पण पीकविम्याची पावती परवा स्वतःच्या हातानं कुठं ठेवली ते आठवत नाही. बायको म्हणते, सोंग करायलेत. सोंग नाही. दोन्ही गोष्टी एकाच रसायनाच्या आहेत.

संकट दिसलं की काही सेकंदांत ॲड्रेनॅलिन सुटतं. छाती धडधडते, तळहात ओले होतात. त्यामागून सावकाश दुसरी साखळी हलते. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्यूटरी रक्तातून अधिवृक्क ग्रंथीला, आणि तिथून कॉर्टिसॉल बाहेर पडतं. ते साधारण वीस-तीस मिनिटांनी शिखरावर पोचतं. साखर मोकळी करायची, शरीराला तयार ठेवायचं, हे त्याचं काम. काम झालं की तेच कॉर्टिसॉल मेंदूत जाऊन 'आता बास' सांगतं आणि साखळी थांबते. बोअरच्या मोटारीला ऑटो लावलेला असतो, टाकी भरली की बंद, तसंच. संकट आलं आणि गेलं तर हे सगळं उत्तम चालतं. बँक, पाऊस, पोरीचं लग्न, सोयाबीनचा भाव ही संकटं येतात, पण जात नाहीत.

1968 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकएवेन यांनी उंदरांत दाखवलं की याच जातीचं संप्रेरक मेंदूत हिप्पोकॅम्पस या भागात जाऊन बसतं. हिप्पोकॅम्पस म्हणजे रोजच्या आठवणी बांधणारा भाग: पावती कुठं ठेवली, काल कोण भेटलं, हा रस्ता कुठं जातो. मोटार थांबवण्याचा निरोप देण्यातही त्याचा हात असतो. ताण लांबला की तिथल्या पेशींच्या फांद्या आखडतात. म्हणजे थांबवणाराच दुबळा होतो.

आता यातला आपल्या देशातला भाग. बंगळूरच्या एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस) या संस्थेत सुमंत्र चटर्जी यांच्या गटानं उंदरांना दहा दिवस रोज दोन तास हालचाल न करता अडकवून ठेवलं. 2002 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की हिप्पोकॅम्पसमधल्या फांद्या आखडल्या, पण भीतीचं केंद्र असलेल्या अमिग्डलातल्या फांद्या उलट वाढल्या. दोन वर्षांनी पुढचं काम आलं. ताण थांबवून एकवीस दिवस झाले तरी अमिग्डलाची वाढ उतरली नव्हती आणि उंदीर बिचकलेलेच होते.

नोटीस आठवते, पावती आठवत नाही, त्याचा उलगडा मला इथं झाला. उंदरावरून माणसावर सरळ उडी मारता येत नाही हे मान्य. तरी जाणकारांनी लिहावं.

---

काळी_माती | रविवार, रात्री 10:15

वाचतोय. आमचे बाबा अगदी असेच. मोटार चालू ठेवून घरी येतात, मग आठवलं की भर अंधारात परत वावरात. गावातले हसतात. आईला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, हे तुझ्या बापाला वाचून दाखवू नको, त्याला आणखी एक टेन्शन.

---

खडूस_परभणीकर | रविवार, रात्री 11:02

वाचायला बरं आहे. पण सर, आमच्या आजोबांनी बहात्तरचा दुष्काळ काढला. खडी फोडली, मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली. कुणाला कॉर्टिसॉल झालं नव्हतं. आता सगळ्यालाच नाव आणि सगळ्यालाच गोळी.

---

तेरणाकाठ | सोमवार, सकाळी 6:50

परभणीकर, तुमची वाटच बघत होतो.

कॉर्टिसॉल आजोबांनाही होतं. नसतं तर खडी फोडायला उठलेच नसते. राहिला मुद्दा सोसण्याचा. 1970 च्या आसपास वाइस नावाच्या शास्त्रज्ञानं उंदरांना विजेचे सारखेच झटके दिले. ज्यांना झटक्याआधी सूचना मिळत होती किंवा तो थांबवायला काही करता येत होतं, त्यांच्या पोटात अल्सर कमी झाले. झटका तोच. फरक पडला तो अंदाज आणि ताबा असण्यानं.

बहात्तरला हाल आजच्यापेक्षा जास्त होते, त्यात वाद नाही. पण अख्खा गाव एकाच खडीवर बसला होता. शेजाऱ्याची चूल पेटते आणि आपलीच विझली, असं नव्हतं. आज एकाच बांधावर एकाचा बोअर चालतो आणि दुसऱ्याचे सगळे कोरडे गेलेले असतात. आजोबांचा धीर मोठा होता हे कबूल, पण त्या धीराला सोबतही होती. हे माझं मत, प्रयोगशाळेतलं नाही.

---

गोदाकाठचा_डॉक्टर | सोमवार, दुपारी 2:20

मानसोपचार करतो, मराठवाड्यातच. सरांनी चांगलं लिहिलंय, पण हे वाचून उद्या कुणी 'माझं कॉर्टिसॉल तपासा' म्हणत येऊ नये, म्हणून थोडं लांबण लावतो.

कॉर्टिसॉल खलनायक नाही. ॲडिसनच्या आजारात ते पुरेसं तयार होत नाही आणि उपचार नाही मिळाले तर माणूस दगावतो. उलट कुशिंगच्या आजारात ते वर्षानुवर्षं जास्त राहतं. अशा रुग्णांची आठवण कमी होते, मन खचतं आणि स्कॅनमध्ये हिप्पोकॅम्पस लहान दिसतो. उपचार करून कॉर्टिसॉल खाली आणलं की तो काही प्रमाणात परत भरतो. नातेवाइकांना मी हे आवर्जून सांगतो. मेंदूचा आकार कमी दिसला म्हणजे तो कायमचा गेला, असं प्रत्येक वेळी नसतं.

दुसरं म्हणजे रक्ताची एक तपासणी ताणाबद्दल फारसं काही सांगत नाही. कॉर्टिसॉल सकाळी जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. सकाळी आठला काढलेला आकडा आणि संध्याकाळचा आकडा यांची तुलनाच होत नाही. सुई टोचायच्या भीतीनंही तो हलतो. ग्रंथीचा आजार वाटला तर आम्ही तपासतो. 'टेन्शन किती आहे' ते मोजायला नाही.

तिसरं, नैराश्य म्हणजे जास्त कॉर्टिसॉल, असं सरळ समीकरण करू नका. गंभीर नैराश्याच्या बऱ्याच रुग्णांत ही साखळी तापलेली सापडते, सगळ्यांत नाही. कॉर्टिसॉल अडवणारी औषधं नैराश्यावर वापरून बघितली गेली, पण रोजच्या उपचारात घ्यावीत इतका भरवशाचा गुण दिसला नाही. आणि भयंकर प्रसंगातून गेलेल्यांना जो पीटीएसडी होतो त्यात तर अमेरिकेतल्या रेचल येहुदा यांना कॉर्टिसॉल अनेकदा कमीच सापडलं. व्हॉट्सअॅपवर 'कॉर्टिसॉल कमी करा, मन आनंदी ठेवा' म्हणून जे फिरतंय त्यात हे काहीच नसतं.

---

नवी_वस्ती | सोमवार, रात्री 8:45

पीटीएसडीचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी किल्लारी भागातली. 30 सप्टेंबर 1993 ला भूकंप झाला तेव्हा शाळकरी पोर होते. आदल्या दिवशी गणपती बोळवून सगळे दमून झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराचा तो आवाज, दगड-मातीच्या भिंतीचा धुरळा नाकातोंडात गेला त्याची चव, बाहेर काढल्यावर कुणीतरी अंगावर टाकलेली ओली गोणपाटाची घडी. हे आजही जसंच्या तसं. पण त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये काढलेला काळ विचाराल तर पुसट. सहावीला वर्गशिक्षक कोण होते ते बहिणीला विचारावं लागतं.

लोकांना वाटतं मोठं दुःख तेवढं लक्षात राहतं आणि बाकीचं आपण विसरायचं ठरवतो. मी काहीच ठरवलं नव्हतं.

---

गोदाकाठचा_डॉक्टर | सोमवार, रात्री 9:30

ताई, तुम्ही लिहिलंत तेच कॅलिफोर्नियाचे जेम्स मॅकगॉ आयुष्यभर अभ्यासत होते. भीतीच्या क्षणी ॲड्रेनॅलिनच्या जातीची रसायनं आणि कॉर्टिसॉल मिळून अमिग्डलाला जागं करतात आणि त्या क्षणाची आठवण खोल रुजते. 1994 मध्ये त्यांच्या गटानं लोकांना एक हळवी गोष्ट चित्रांतून दाखवली. काहींना आधी प्रोप्रानोलॉल दिलं होतं, म्हणजे ॲड्रेनॅलिनचा परिणाम अडवणारी गोळी. त्यांना गोष्टीतला साधा भाग इतरांइतकाच आठवला, हळवा भाग मात्र विशेष ठसला नाही.

अजूनही पहाटे दचकून जाग येते का? जमिनीवरून जड गाडी गेली की जीव घाबरतो का? येत असेल तर इतक्या वर्षांनीही उपचार होतो. इथं उत्तर द्यायची गरज नाही.

---

खडूस_परभणीकर | सोमवार, रात्री 10:10

ताईंच्या बाबतीत काही बोलत नाही, तिथं नमस्कार.

पण डॉक्टर, असं ठसलेलं सगळं खरंच असतं का? आमच्या गावात एकाच भांडणाच्या चार शपथेवरच्या हकीकती आहेत.

---

गोदाकाठचा_डॉक्टर | सोमवार, रात्री 10:25

प्रश्न रास्त आहे. ठळक आठवण आणि बिनचूक आठवण या दोन वेगळ्या गोष्टी. घटनेचा गाभा सहसा पक्का राहतो, कडेचे तपशील सरकतात आणि खात्री मात्र सगळ्याबद्दल सारखीच वाटते.

---

नीटवाली_आई | मंगळवार, सकाळी 11:15

मला माझ्या कामाचं विचारू द्या. मुलगा लातूरला क्लासला आहे, खोली करून राहतो. रात्री फोनवर मी विचारलेलं धडाधड सांगतो. टेस्टला बसला की पहिल्या पाच मिनिटांत डोकं कोरं. बाहेर आला की सगळं आठवतं आणि मग रडतो. क्लासमध्ये म्हणतात अभ्यास कमी पडतो. कमी पडत असता तर बाहेर आल्यावर कसं आठवलं असतं?

---

तेरणाकाठ | मंगळवार, सायंकाळी 5:05

ताई, तुमचं शेवटचं वाक्य एका प्रसिद्ध प्रयोगाचा निष्कर्षच आहे.

2000 साली झुरिचमध्ये डॉमिनिक द केर्व्हें आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना शब्दांची यादी पाठ करायला दिली आणि 24 तासांनी विचारली. कॉर्टिसोनची एक गोळी काहींना पाठांतराआधी, काहींना पाठांतर झाल्याबरोबर आणि काहींना आठवून सांगण्याच्या तासभर आधी. पहिल्या दोन वेळी बिघाड झाला नाही. तिसऱ्या वेळी शब्द कमी आठवले. साठवण शाबूत होती, अडलं ते बाहेर काढताना. पोरगा घरून निघताना, रिक्षात, गेटवर तपासणीच्या रांगेत घाबरत असतो, आणि पेपर हातात पडतो तेव्हा कॉर्टिसॉल भरात आलेलं असतं.

यावर काय करायचं त्याचंही उत्तर आहे. 2016 मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातून एक अभ्यास आला. काहींनी यादी पुन्हा पुन्हा वाचून पाठ केली, काहींनी पुस्तक मिटून स्वतःलाच विचारून. नंतर त्यांना मुद्दाम ताणात टाकलं. वाचून पाठ करणारे गडबडले, स्वतःला विचारणारे टिकले. त्यामुळं लातूर पॅटर्नमधल्या रोजच्या टेस्टना मी नावं ठेवत नाही. नावं ठेवतो ती टेस्टच्या निकालाला. शिकण्यासाठी घेतलेल्या परीक्षेचे मार्क रँक लावून सगळ्या मजल्याला दिसतील असे चिकटवायचे, आणि वर पालकांच्या ग्रुपवर टाकायचे! 720 पैकी किती, यावर त्या आठवड्यात पोराला जेवण गोड लागणार की नाही ते ठरतं. सराव उपयोगी आहे आणि तमाशा बाधतो, इतकं साधं आहे, पण आमच्या धंद्यातल्या लोकांना सांगून बघा.

तुम्ही फोनवर विचारता, तो त्याच्या सरावाचाच भाग आहे. फक्त आधी जेवलास का विचारा.

---

गोदाकाठचा_डॉक्टर | मंगळवार, रात्री 9:50

सरांना पुरवणी. 2009 मध्ये मोठ्या परीक्षेच्या तयारीत महिनाभर बुडालेले वैद्यकीय विद्यार्थी तपासले गेले. लक्ष एका गोष्टीवरून दुसरीकडं वळवण्यात ते कमी पडत होते आणि कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागाच्या जोडण्या ढिल्या दिसत होत्या. ताण उतरल्यावर महिन्याभरानं पुन्हा तपासलं तेव्हा दोन्ही पूर्ववत. तरुण मेंदू लवकर सावरतो. पण मुलगा जेवत नसेल, झोपत नसेल, 'मी नसलेलंच बरं' असं काही बोलत असेल, तर टेस्ट सिरीज बाजूला ठेवून त्याला घरी आणा. एक वर्ष गेलं तर गेलं.

---

कोयता_ते_कॉलेज | मंगळवार, रात्री 11:40

बीडचा आहे. आईबाप ऊसतोडीला जायचे, मीपण कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत वाढलो. इथं सगळे कर्ज आणि परीक्षा बोलायलेत, झोपेबद्दल कुणीच बोलंना. फडात दिवसभर तोड, मोळ्या बांधायच्या. रात्री गाडी लागली की एक-दोन वाजता उठून भरायची. पहाटे भाकरी. दिवाळीच्या पुढं-मागं गेलेली माय कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत धड झोपलेली मी बघितली नाही. आगाऊ घेतलेली उचल फिटली का नाही, हे मुकादमाच्या वहीत काय लिहिलंय त्यावर. ती वही मायला वाचता येत न्हवती.

गावी आली की म्हणायची, माझं डोकं चिखल झालंय. शेजारणीचं नाव घ्यायला तिला वेळ लागायचा. तवा ती पस्तिशीचीबी नसंल.

---

गोदाकाठचा_डॉक्टर | बुधवार, सकाळी 7:30

दादा, तुमचा मुद्दा सर्वांत वर हवा होता. झोप तुटली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉर्टिसॉल उतरायला हवं तेवढं उतरत नाही. ते चढं राहिलं की पुन्हा झोप लागत नाही. शिवाय दिवसभरातल्या आठवणी पक्क्या करण्याचं बरंचसं काम मेंदू झोपेतच करतो. तुमच्या आईला विसरायला लावणाऱ्या या गोष्टींतली एकही तिच्या हातात नव्हती.

---

आकडेमोड | बुधवार, दुपारी 1:10

उसाचाच विषय आहे तर एक अभ्यास सांगतो, 2013 चा, 'सायन्स'मधला. तमिळनाडूतल्या विलुप्पुरम आणि तिरुवन्नामलै जिल्ह्यांतले 464 ऊस उत्पादक. ऊस जायच्या आधी हात रिकामा, दागिने गहाण. बिल आल्यावर हात सैल. त्याच माणसांना दोन्ही वेळी बुद्धीच्या चाचण्या दिल्या. आधी कमी गुण, नंतर जास्त. माणूस तोच, डोकं तेच.

अभ्यास करणाऱ्यांनी शेतकऱ्यांची नाडी आणि रक्तदाबही मोजला होता. त्यांचं म्हणणं, एकट्या ताणानं हा फरक पूर्ण समजत नाही. पैशाच्या विवंचनेतच डोकं अडकून पडतं आणि बाकीच्याला जागा उरत नाही. तेव्हा सगळं बिल कॉर्टिसॉलच्या नावावर फाडू नका. शिवाय आकडेमोडीवर आक्षेपही आले होते: दुसऱ्यांदा तीच चाचणी दिल्यावर सरावानं गुण वाढणारच की. लेखकांनी उत्तर दिलं, वाद चालू राहिला.

केनियातला दाखला मला जास्त पटतो. तिथं पाऊस कमी झाला तेव्हा शेतकऱ्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल वाढलेलं सापडलं. निव्वळ शेतीवर पोट असणाऱ्यांत जास्त, शेतीत नसणाऱ्यांत नाही. निलंगा असो की नैरोबी, ढगाकडं बघणारी मान तीच.

---

खडूस_परभणीकर | बुधवार, दुपारी 1:35

म्हणजे फिरून फिरून कर्जमाफीवर आलात. मला वाटलंच होतं.

---

आकडेमोड | बुधवार, दुपारी 3:00

कर्जमाफीचं राजकारण तुम्ही करा, मी आकडा देतो. सिंगापूरमध्ये गरीब कुटुंबांची जुनी थकबाकी एका संस्थेनं फेडली. 2019 मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फेडल्यानंतर लोकांची चिंता कमी झाली, चाचण्यांत चुका कमी झाल्या. यात लक्षात घेण्यासारखं असं, की किती रक्कम फिटली यापेक्षा किती खाती बंद झाली याचा परिणाम मोठा दिसला.

आता आपल्याकडचा माणूस बघा. सोसायटी, राष्ट्रीयीकृत बँक, कृषी सेवा केंद्राची उधारी, बायकोच्या नावावर गटाचं कर्ज, सोनं तारण आणि मामाकडून उसने. सहा ठिकाणची सहा तोंडं, सहा तारखा. आपल्या माफीत यातलं जास्तीत जास्त एखादं तोंड बंद होतं. 'दोन लाख माफ' झालेला माणूस घरी येऊन परत तसाच का बसतो, त्याचं उत्तर यात असावं असा माझा अंदाज.

---

आशाताई | बुधवार, रात्री 9:15

मी धाराशिव जिल्ह्यात आशा म्हणून काम करते. आकडेमोड दादा बरोबर बोलले. गटाच्या हप्त्याचा दिवस असला की मला आधीच कळतं, त्या दिवशी बीपी मोजायला गेलं की सगळ्या बायांचं चढलेलं.

बाई कधीच म्हणत नाही की मन लागत नाही. डोकं जड पडलंय, हातापायाला मुंग्या, जीव खाली-वर होतो, भाजीत मीठ दोनदा पडतं आणि मग घरात बोलणी बसतात. पुरुष तर तेवढंही बोलत नाही. बाजेवर पडून राहतो, रात्री उठून ओट्यावर बसतो. 2025 च्या सप्टेंबरात रानं वाहून गेल्यावर असे ओट्यावर बसलेले फार दिसले.

मी सरळ विचारते, मरावं वाटतंय का. आधी भीती वाटायची की विचारल्यानं डोक्यात येईल. तसं होत नाही, प्रशिक्षणात सांगितलं आणि कामातही बघितलं. विचारलं की माणूस बोलतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, रात्री-अपरात्री पण लागतो, मराठीत बोलतात. मी तो मोबाईलमध्ये माझ्या हातानं सेव्ह करून देते. नाव 'मामा' टाकते, म्हणजे घरात कुणी बघितलं तरी प्रश्न नको.

---

लाल_कंधारी | गुरुवार, सकाळी 10:05

ताई, मामावाली आयडिया लै भारी.

माझं वेगळंच आहे. आमची माय गुडघ्यासाठी एकाकडून पुडीतल्या गोळ्या आणायची. चार दिवसांत पळायला लागली, तोंड गोल झालं, लोक म्हणायचे तब्येत सुधारली. मग रात्र रात्र जागी, बडबड, मधेच रडू, मेलेल्या माणसांची नावं घेऊन हाका. आम्ही बाहेरचं समजून अंगारा पण आणला. शेवटी एका भल्या डॉक्टरनं गोळी ओळखली, स्टिरॉइड. हे पण तेच कॉर्टिसॉल का?

---

गोदाकाठचा_डॉक्टर | गुरुवार, दुपारी 2:40

त्याच घराण्यातलं, पण जास्त जोरकस. प्रेडनिसोलोन, डेक्सामिथासोन ही कॉर्टिसॉलचीच कृत्रिम भावंडं. दमा, संधिवात, कोविडची गंभीर अवस्था यांत ती जीव वाचवतात. तीच गुपचूप पुडीतून पोटात गेली की तोंड सुजतं, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, आणि काहींत झोप उडणं, बडबड, संशय, भास, रडू. ताणाचं संप्रेरक मेंदूचं काय करू शकतं हे इतकं उघडं दुसरीकडं दिसत नाही.

हे वाचणाऱ्या प्रत्येकानं एवढं लक्षात ठेवा: घरात कुणी अशा गोळ्या घेतंय असं कळलं तर त्या एका दिवसात बंद करू नका. बाहेरून संप्रेरक मिळत असल्यामुळं स्वतःची ग्रंथी झोपलेली असते. गोळी एकदम तोडली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. पुडी घेऊन दवाखान्यात या, हळूहळू उतरवू.

---

काळी_माती | गुरुवार, रात्री 8:20

डॉक्टर, अश्वगंधा चालते का? आणि व्यायाम करा म्हणतात. बाबा दिवसभर रानात राबतात, त्यांना आणि कसला व्यायाम सांगायचा?

---

गोदाकाठचा_डॉक्टर | गुरुवार, रात्री 10:00

अश्वगंधानं कॉर्टिसॉल थोडं उतरल्याचे काही छोटे अभ्यास आहेत. यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत आणि थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर ती घोळ घालते. मी लिहून देत नाही.

व्यायामाचं म्हणाल तर 2011 मध्ये अमेरिकेत 120 वयस्क माणसांवर अभ्यास झाला. अर्ध्यांनी वर्षभर आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं झपझप चालणं केलं, बाकीच्यांनी नुसते ताणण्याचे व्यायाम. चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला, इतरांचा थोडा कमी झाला. पण ती शहरातली बैठी माणसं होती. वडिलांना चालायला सांगाल तर ते तुमच्याकडं बघतच राहतील. त्यांना झोप आणि माणसं हवीत. संध्याकाळी पारावर जायचे का आधी? बंद केलंय का? भजनात, कट्ट्यावर, कुठंही.

आणि विसरण्याचं कारण ताणच आहे असं घरी बसून ठरवू नका. बी-12 कमी, थायरॉइड, साखर, रात्रीचं एखादं झोपेचं औषध, दारू, यानंही हेच होतं आणि यातलं बरंच लवकर बरं होतं.

---

काळी_माती | गुरुवार, रात्री 10:30

पारावर जाणं बंदच केलंय. तिथं उधारीवाला बसतो.

दवाखान्यात न्यायचं तर डोक्याचा डॉक्टर म्हटलं की येणार नाहीत. काय सांगून आणू?

---

गोदाकाठचा_डॉक्टर | गुरुवार, रात्री 10:45

खोटं सांगू नका, नंतर माझ्यावरचाही विश्वास जातो. 'विसरायला होतंय, झोप लागत नाही, त्याची तपासणी करू' एवढं म्हणा. ते खरंच आहे. आधी तुमच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवलंत तरी चालेल, रक्त तिथंही तपासून होईल.

---

काळी_माती | गुरुवार, रात्री 10:52

सोमवारी बाजारला येणारच आहेत, तेव्हा आणतो. जुने रिपोर्ट बघायला लागतील का?

---

गोदाकाठचा_डॉक्टर | गुरुवार, रात्री 10:55

आणा. आणि घरात ज्या काही गोळ्या-पुड्या असतील त्या सगळ्या पिशवीत घालून आणा.